आकडा नव्हे, पत्ता

त्यांना फटाक्यांचा आवाज सहन होत नसे. राष्ट्रीय दिनाच्या संध्याकाळी आमची शारजातली अख्खी बिल्डिंग पोराबाळांसह आतषबाजी बघायला खाडीकडे निघायची आणि हे गृहस्थ कानांत कापसाचे बोळे कोंबून घरी वरणभात जेवत बसायचे. वहिनी म्हणायच्या, इतरांच्या घरी अशा दिवशी मांजर पलंगाखाली जातं, आमच्याकडे मांजर पाळायची गरजच पडली नाही.

आणि हाच माणूस, जुन्या लष्करी रायफलीतून शिशाची ओतीव गोळी झाडायची तर काडतुसात दारू किती भरावी, या विषयातला जगातल्या मोजक्या जाणकारांपैकी एक होता. अमेरिकेतले निवृत्त शेतकरी, फिनलंडमधला एक पाद्री, टास्मानियातला एक दंतवैद्य असे लोक इंटरनेटवर त्यांना अदबीने प्रश्न विचारत. त्यांच्या नावाखाली 'यू.ए.ई.' एवढंच लिहिलेलं असे. त्यावरून बऱ्याच जणांची समजूत झाली होती, की वाळवंटात कुठेतरी या माणसाचा किल्ला आहे आणि किल्ल्यात शस्त्रागार आहे. प्रत्यक्षात दोन बेडरूमचा फ्लॅट होता, बाल्कनीत तुळस आणि जुना ट्रेडमिल होता, आणि घरातल्या विळीलासुद्धा धार नव्हती.

शारजात दारूबंदी. तिथे बसून दारूचं प्रमाण ठरवणारा हा एकमेव सरळमार्गी माणूस, हा विनोद आमच्या ऑफिसात वर्षानुवर्षं चालला. ते कधी हसले नाहीत. एकदा मात्र त्यांनी मान वर करून विचारलं, "एकमेव कशावरून? सोर्स काय?"

'सोर्स काय?' हा त्यांचा कायमचा प्रश्न, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव सोर्ससाहेब. उद्या धुकं पडणार, असं कोणी म्हणालं तरी सोर्स काय. साबुदाणा किती वेळ भिजवायचा, यावर वहिनींनासुद्धा सोर्स विचारून झाला होता. वहिनींनी दिलेलं उत्तर मला त्यांच्याकडूनच कळलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमची कंपनी क्रेन भाड्याने देणारी. ऑफिस आणि यार्ड दुबईत, अल कुसैसच्या इंडस्ट्रियल भागात. मी टेंडरं लिहायचे आणि ते लिफ्टिंग प्लॅन करायचे, म्हणजे कुठल्या क्रेनने किती वजन, किती लांबून, किती उंच उचलायचं ते ठरवायचे. मी त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्यांच्या गाडीतून जायचे. शारजा ते अल कुसैस हे अंतर रिकाम्या रस्त्यावर चहा निवेपर्यंत संपावं. ट्रॅफिकमध्ये मात्र तेवढ्यात एखाद्या विषयाची पदवी मिळवता येते, आणि मी ती तशीच मिळवली. ते एकदा धरलेली लेन सोडत नसत. शेजारची लेन भराभर सरकताना दिसली तरी म्हणायचे, "ती पुढेही अशीच सरकेल, याला आधार नाही."

तर तो विषय असा. दोन महायुद्धांतल्या लक्षावधी रायफली आज शौकिनांच्या घरी आहेत. त्यांची कारखान्यातली काडतुसं महाग आणि म्हाताऱ्या रायफलीला जड. म्हणून हे शौकीन लोक घरी शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओततात आणि काडतुसं स्वतः भरतात. शिसं मऊ, त्यामुळे दारू बेताची लागते. बेताची म्हणजे किती, हा खरा प्रश्न. छापील पुस्तकांत तांब्याचं कवच असलेल्या गोळ्यांचे आकडे सापडतात, शिशाचे क्वचित. ते असतात कुठल्या तरी बंद पडलेल्या मासिकात, एखाद्या क्लबाच्या सायक्लोस्टाइल पत्रकात, चाळीस वर्षांपूर्वी संपलेल्या पुस्तिकेत. त्यातून दारूचं नाव तेच राहतं आणि ती बनवणारी कंपनी बदलते. एकाने दुसऱ्याचं उतरवून घेताना दशांशचिन्ह सरकतं. तिसरा तेच डोळे मिटून छापतो, आणि चौथा ते वाचून घरामागच्या मोकळ्या जागेत रायफल खांद्याला लावतो.

जुन्या पोथ्यांचे पाठभेद लावणारे संशोधक मी वाचलेले आहेत. एका ओळीच्या काना-मात्रेसाठी ते वीस हस्तलिखितं ताडून बघतात. सोर्ससाहेब त्याच जातीचे होते. फरक इतकाच, की पोथीतला चुकीचा पाठ कुणाच्या डोळ्यात उडत नाही.

ते स्वतः कुणालाही आकडा सांगत नसत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मी आकडा देत नाही, पत्ता देतो." आकडा ज्या पानावर राहतो त्या पानाचा पत्ता. कुठलं पुस्तक, कुठली आवृत्ती, त्या लेखकाने स्वतः झाडून पाहिलं होतं की ऐकलेलं लिहिलं, त्याची रायफल कुठली होती. पुढचं ज्याचं त्याने बघावं. फिनलंडच्या पाद्र्याला हे फार आवडलं. त्याने लिहिलं होतं, की आमच्या धंद्यातही हेच करतात.

हे वेड लागलं कुठून, असं मी विचारलं होतं. पुण्याजवळच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत ते वाढले. वडील तिथे तपासनीस होते. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला जुनी रायफल हातात मिळाली. त्यांनी ती पहिल्यांदा झाडली, खांद्याला दणका बसला, कान दिवसभर वाजत राहिले, आणि त्यांनी तिथल्या हवालदाराला विचारलं, की आत दारू किती असते. हवालदार म्हणाला, बरोबर तेवढीच असते. या उत्तराने त्यांचं समाधान झालं नाही. त्यानंतर त्यांनी बंदुकीला हात लावला नव्हता. नुसता शोध घेत राहिले.

मला सुरुवातीला यातही एक डौल वाटे. डौल काही फक्त शाल-श्रीफळवाल्यांचाच नसतो, 'मला काही कळत नाही, मी फक्त संदर्भ देतो' असं म्हणण्यातही तो असू शकतो. परदेशी लोक त्यांना कर्नल समजत, तेव्हा ते ती समजूत खोडत नसत. मी टोचलं तर म्हणायचे, त्यांनी विचारलेलंच नाही. एकदा एका क्लबाने आभारादाखल बारा महिन्यांच्या बारा रायफली असलेलं कॅलेंडर पाठवलं. वहिनींनी ते मुलीच्या खोलीत लावू दिलं नाही, स्वयंपाकघरात लावू दिलं नाही. शेवटी ते बाथरूमच्या दाराला आतून लागलं आणि पाहुण्यांची पंचाईत करत वर्षभर तिथे राहिलं.

आमचे जीएम मात्र सरळ, उघड डौलाचे. मराठीच, दादरचे. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत बसत आणि सत्कार दुसऱ्याचा असला तरी शाल पांघरवायला उठत. कंपनीला ते फॅमिली म्हणत. त्यांचं आणि सोर्ससाहेबांचं एकदाच उघड वाजलं होतं. एका साइटवर गच्चीवर एसीचा अवजड चिलर चढवायचा होता, वजन क्रेनच्या चार्टमधल्या मर्यादेपेक्षा थोडं जास्त भरत होतं. जीएम म्हणाले, एवढ्या-तेवढ्याने काय होतंय. सोर्ससाहेबांनी सही केली नाही. मोठी क्रेन आणावी लागली, चिलर निमूटपणे चढला. त्यानंतर जीएम कित्येक दिवस सांगत होते, की बघा, काही झालं नाही. काही झालं नाही ते मोठ्या क्रेनमुळे, हे वाक्य त्यांच्यापर्यंत कधी पोचलं नाही.

त्या वर्षी सोर्ससाहेब साठीचे झाले. साठीनंतर व्हिसा वाढवायचा तर कंपनीच्या स्थानिक भागीदाराची, म्हणजे आमच्या अरबाबची, सही लागे. त्यांची मुलगी उशिरा झालेली, एकुलती एक, नुकतीच बारावीत गेली होती. व्हिसा वाढला नाही तर वर्षाच्या मध्यात तिची शाळा सोडून परत जायचं, असा सरळ हिशेब होता. कागद अरबाबच्या टेबलावर होता. तिथे तो बरेच दिवस होता.

अरबाबचे वडील पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानच्या मागच्या डोंगरातल्या गावात राहत. नातवाचं लग्न ठरलं होतं. त्या डोंगरांत लग्नाला वडीलधाऱ्यांनी निशाणबाजी करायची जुनी रीत आहे. आता ती परवानगी काढून, पोलिसांच्या देखत होते, पण होते. म्हाताऱ्याच्या घरी त्याच्या वडिलांची रायफल होती, रीतसर परवान्याची. कुठल्याशा इंग्रज अधिकाऱ्याने खूश होऊन दिलेली, असं घरात सांगत. वडिलांनी त्याच्या लग्नात ती झाडली होती. आता नातवाच्या लग्नात म्हाताऱ्याला ती एकदा स्वतःच्या खांद्यावरून झाडायची होती. नेमबाजीच्या क्लबातला माणूस म्हणाला, हाजी, ही फार जुनी आहे, हिला नेहमीचं काडतूस सोसणार नाही. शिशाची गोळी आणि हलकं काडतूस मी तयार करून देतो, पण त्याचा आकडा मला ठाऊक नाही.

ही गोष्ट अरबाबने मीटिंगमध्ये सहज काढली आणि जीएमनी खुर्चीतल्या खुर्चीत छाती पुढे काढली. आपल्याच फॅमिलीत या विषयातला वर्ल्ड अथॉरिटी आहे. खलास, काम झालं समजा. बाहेर आल्यावर सोर्ससाहेबांना म्हणाले, "अहो, देवाने पाठवलेला चान्स आहे. एक आकडा द्या, सही झालीच म्हणून समजा."

त्यानंतरचे काही आठवडे गाडीत मला दुसरा विषय ऐकायला मिळाला नाही. त्या जातीच्या रायफलीचे त्यांना भरपूर पत्ते मिळाले. टास्मानियाच्या दंतवैद्याने जुन्या पत्रकाच्या पानांचे फोटो पाठवले. मला वाटलं, काम झालं. मी तसं म्हटलंही.

ते म्हणाले, "हे आकडे त्या रायफलीचे आहेत. ही ती रायफल आहे कशावरून?"

एका शनिवारी आम्ही खोर फक्कानला निघालो. जीएमनी मला मुद्दाम घेतलं, कारण कंपनीच्या अंकात यावर मजकूर यायला हवा होता. मजकुराचं शीर्षक त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, त्यात 'दोन संस्कृती' हे शब्द होते. बोगद्यांमागून बोगदे टाकत गाडी समुद्रापाशी उतरली आणि सोर्ससाहेबांनी ती मासेमारीच्या सामानाच्या दुकानापाशी थांबवायला सांगितली. त्यांना गळाला बांधायची शिशाची वजनं हवी होती. दुकानदाराने विचारलं, कुठला मासा? ते म्हणाले, मासा नाही. जीएम गाडीतच बसून राहिले आणि आपण यांच्यातले नाही, असा चेहरा करून कंटेनरच्या जहाजांकडे बघत राहिले.

म्हातारा मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, वाट पाहत होता. किडकिडीत, दाढी मेंदीने रंगवलेली, हिंदी अस्सल बंबईची. तरुणपणी गलबतातून खजूर घेऊन भाऊच्या धक्क्याला जात असे. जीएमनी भाषण सुरू केलं, तेव्हा त्याने कहवा ओतून त्यांचा हात गुंतवला आणि विचारलं, "बम्बई में ट्राम अभी चलती है?" बंद होऊन जमाना झाला, हे ऐकून त्याला खरंच वाईट वाटलं.

मग कापडात गुंडाळलेली रायफल आली. अरबाब, त्याचे भाऊ, पुतणे, सगळे भोवती बसले. सोर्ससाहेबांनी आधी हात धुतले. अरबाबला बोल्ट उघडायला लावला. आत काही नाही हे स्वतः पाहिलं, बोट घालून पाहिलं, आणि परत पाहिलं. मग शिशाच्या वजनाला तेल चोळून ते नळीच्या तोंडाशी बसवलं आणि त्यावर दांडा टेकवून, त्याच्या टोकावर लाकडी हातोड्याने हलके ठोके देत आत सरकवायला लागले. याचा अर्थ त्यांनी आम्हाला गाडीत समजावून सांगितला होता. मऊ शिसं नळीचा आतला आकार जसाच्या तसा अंगावर घेतं. बाहेर आलं की मोजायचं. आणि मोजण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, कारखान्यात केलेल्या नळीतून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोराने सरकतं.

इथे ते नीट सरकेना. अडलं. मग एकदम सैल पडून हातभर पुढे गेलं. मग परत अडलं. सोर्ससाहेबांच्या हाताकडे मी पाहत होते. ठोके मंद होत गेले. शिसं खाली कापडावर पडलं, तेव्हा त्यांनी ते मायक्रोमीटरमध्ये धरलं, फिरवून धरलं, आणि बाजूला ठेवलं. मग चष्मा कपाळावर चढवून रायफलीवरचे छाप वाचायला लागले. मीही वाकून पाहिलं. मुकुटाचा छाप होता. पण तो जन्मात मुकुट न पाहिलेल्या माणसाने, कोणीतरी केलेल्या वर्णनावरून कोरलेला वाटत होता. एखाद्या पोराने काढलेल्या कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. नंबरातले आकडे एका उंचीचे नव्हते.

ते मला हळूच म्हणाले, "ही बाजारातली आहे. वायव्य सरहद्दीकडे अशा करायचे. कानसीने, हाताने, नकला."

म्हणजे इंग्रज अधिकारी नाही, खूश होणं नाही, काही नाही. समोर तीन पिढ्या बसलेल्या.

जीएमनी प्रसन्नपणे विचारलं, "हं साहेब, मग आकडा?"

सोर्ससाहेब म्हाताऱ्याकडे वळले. "हाजी, इसका आकडा किसी किताब में नहीं है."

जीएम हसून मराठीत म्हणाले, "अहो, सगळ्यात कमी काय असेल ते सांगा ना. म्हाताऱ्याला एक बार तर काढायचाय. रिलेशनशिपचा प्रश्न आहे." मग आवाज खाली आणून, "आणि तुमच्या सहीचाही."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही जीएमचं म्हणणं व्यवहार्य वाटलं. सगळ्यात कमी, त्यातही थोडं कमी, एकच बार.

"सगळ्यात कमी हासुद्धा आकडाच असतो," सोर्ससाहेब म्हणाले. "फार कमी भरली तर गोळी नळीत अडकून बसते. जास्त भरली तर हे लोखंड फुटेल. यांच्या तोंडापाशी. मधला आकडा कुठेतरी असेल. तो कोणी शोधलेला नाही, आणि तो शोधायला मी यांचं तोंड वापरणार नाही."

हे मराठीत होतं, पण 'तोंड' म्हणताना त्यांचा हात स्वतःच्या गालाकडे गेला होता. म्हाताऱ्याने ते पाहिलं असावं. त्याने रायफल मांडीवर ओढून घेतली आणि विचारलं, "क्यों नहीं किताब में? अंग्रेज की नहीं है?"

सोर्स विचारल्याशिवाय साबुदाणा न भिजवणारा हा माणूस आता काय बोलतो, याची मला भीती वाटली. खोटं ते बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांना खरं बोलताना मी पाहिलं होतं, ते बघवण्यासारखं नसे.

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, "कारखाने में लाखों बनती हैं, सब एक जैसी. इसलिए उनकी किताब होती है. यह एक आदमी ने बनाई, हाथ से. ऐसी दूसरी है ही नहीं. तो किताब किसकी लिखेंगे?"

म्हाताऱ्याने नळीवरून हात फिरवला. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. मुलाकडे बघून अरबीत काही बोलला आणि आमच्यासाठी परत हिंदीत म्हणाला, "बाप बोलता था अंग्रेज ने दिया. माँ बोलती थी झूठा है, बाज़ार से लाया, मेरा ऊँट बेचके." सगळी मजलिस हसली. अरबाब हसला नाही. तो सोर्ससाहेबांकडे बघत राहिला होता, आणि त्या नजरेचा अर्थ आमच्यापैकी कुणालाच लागला नाही.

निघताना सोर्ससाहेबांनी एकच विनंती केली, की बोल्ट काढून वेगळा, कुलपात ठेवावा. म्हाताऱ्याने ते शिसं मागून घेतलं. नळीच्या आतल्या वळणदार रेषा त्याच्या अंगावर उमटल्या होत्या. तो ते उजेडात धरून बराच वेळ बघत होता.

परतीच्या वाटेवर पहिल्या बोगद्यापासून शेवटच्या बोगद्यापर्यंत जीएम एकटेच बोलले. नाही म्हणायचे सतरा मार्ग असतात. परवान्याची अडचण सांगायची, सामान मिळत नाही म्हणायचं. सोर्ससाहेब म्हणाले, परवान्याची अडचण नव्हती. कंपनीच्या अंकातला मजकूर रद्द झाला, ही त्या दिवसाची माझी वैयक्तिक कमाई.

मग थांबणं आलं. कागद अरबाबच्या टेबलावरच होता. वहिनी तांदूळ पोत्याने आणायच्या, त्या पाच किलोची पिशवी आणायला लागल्या. बाल्कनीतला ट्रेडमिल गेला. पुण्यातल्या शाळांची चौकशी सुरू झाली, आणि बारावीच्या मध्यात कोणी घेत नाही, हेही कळलं. एका सकाळी मुलीला शाळेच्या बसपाशी सोडायला आम्ही तिघं खाली उतरत होतो. लिफ्टमध्ये ती म्हणाली, "बाबा, यू कुड हॅव जस्ट गिव्हन हिम अ नंबर." त्यांनी नेहमीसारखं सोर्स काय विचारलं नाही. तिची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि बस येईपर्यंत तशीच धरून उभे राहिले. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "तिचं चूक नाही. तिने ती नळी पाहिलेली नाही."

एरवी कुणालाही देते तसला धीर मी त्यांना दिला नाही. आधार नव्हता.

लग्नाचं आमंत्रण आलं, ते आम्हा सगळ्यांनाच. बायकांची बाजू वेगळी, त्यामुळे पुरुषांकडचं जे पाहिलं ते म्हाताऱ्याच्या एका नातीच्या फोनवर. ढोल वाजत होते, पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर डुलत होत्या आणि रांगेच्या टोकाला म्हातारा ती बाजारची रायफल, बोल्ट काढलेली, खांद्याशी उभी धरून मजेत मान हलवत होता. पुढे दूर डोंगराच्या पायथ्याशी निशाणबाजी सुरू झाली. फोन हलला आणि मला सोर्ससाहेब दिसले. पाहुण्यांच्या गालिच्यावर मांडी घालून बसलेले, दोन्ही कानांत कापूस, आणि प्रत्येक बाराला डोळे घट्ट मिटत होते. म्हाताऱ्यानेही ते पाहिलं. तो रांग सोडून आला, त्यांच्या शेजारी बसला, आणि हसत हसत विचारलं. काय विचारलं ते फोनमध्ये ऐकू आलं नाही. सोर्ससाहेबांनी कानातला कापूस काढून ते परत ऐकून घेतलं आणि मान डोलावली. म्हाताऱ्याने त्यांच्या हातातला एक बोळा घेतला आणि स्वतःच्या कानात घातला.

सही त्यानंतरच्या आठवड्यात आली, दोन वर्षांची. कागद घेऊन आमचा पीआरओ, म्हणजे व्हिसाची सरकारी कामं बघणारा, आला. हा केरळचा बेरका माणूस, कुठल्या दाराआड काय बोललं जातं ते त्याला आधी कळे. त्याचं म्हणणं, म्हातारा मुलाला म्हणाला होता, की तुझ्याकडे हो म्हणणारे पुष्कळ आहेत, नाही म्हणणारा एकच दिसला, त्याला जाऊ देऊ नको. मी हे धावत जाऊन सोर्ससाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, ही ऐकीव माहिती आहे. जीएम मंडळात अजून सांगतात, की त्यांनी शब्द टाकला म्हणून झालं. तीही ऐकीवच, फक्त त्यांनी स्वतःच ऐकवलेली.

मुलगी बारावी पास होऊन पुण्याला शिकायला गेली. दोन वर्षं संपल्यावर हे दोघंही गेले. मी आता मेट्रोने जाते, तिथे लेनचा प्रश्न येत नाही.

पण मला आठवते ती सही आल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आम्ही नेहमीच्या जागी अडकलो होतो, पुढे ब्रेकचे लाल दिवे, शेजारची लेन सरकतेय. ते म्हणाले, टास्मानियाच्या दंतवैद्याला काल कळवलं. त्याने एवढी पानं पाठवली होती, त्याला काय झालं ते कळवणं भाग होतं. या नकलांबद्दल त्या शौकिनांकडे कुठेच काही छापलेलं नाही, म्हणून त्याने ते सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकायला सांगितलं, तेही टाकून झालं. नळी कुठे अडली, कुठे सैल पडली, छाप कसे होते. आकडा नाही, झाडू नये.

"आणि पत्ता?" मी विचारलं. "पुस्तक कुठलं दिलंत?"

त्यांनी स्टीअरिंगवरची बोटं उचलली, परत ठेवली.

"मीच," ते म्हणाले. "माझं नाव घातलं. दुसरं कोणी नव्हतं."

आणि कान लाल करून त्यांनी उजवीकडचा इंडिकेटर लावला, आरशात पाहिलं, मागच्या माणसाने जागाही दिली. त्यांनी विचार केला, इंडिकेटर बंद केला, आणि आम्ही आमच्याच लेनमध्ये थांबून राहिलो.